भिजत घोंगड्याचा इतिहास

इंजिनिअरिंगला होस्टेलवर जाताना आजीने माझ्या सामानात आजोबांची काळी घोंगडी बांधून दिली होती. पहिल्याच रात्री रूममेटने नाक धरलं, "मेंढरासारखा वास येतोय कसला?" मी हसलो आणि घोंगडी कॉटखाली ढकलली. चार वर्षं ती तिथेच राहिली. मी मॉलमधून आणलेलं जॅकेट घालून हिवाळे काढले. शेवटच्या वर्षी रूम रिकामी करताना ती उलगडली, तर कसर लागलेली. जागोजागी भोकं.

आजोबा तोवर गेले होते. त्यांच्या स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची ती शेवटची घोंगडी होती.

आता मी पुण्यात कोड लिहितो. अपराधी वाटण्यावर माझा एकच उपाय असतो, विषय शोधत बसणं. तसा घोंगडीचा इतिहास शोधायला बसलो आणि पहिला धागा आमच्याच जिल्ह्यात सापडला. धागा म्हणजे खरोखरचा धागा. १९५४ ते ५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या चमूने नेवाशाला उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत ओवलेला दोरा शिल्लक होता. त्यात रेशीम आणि कापूस होता. सुती, रेशमी धागा एरवी मातीत कुजून जातो. हा टिकला तो तांब्यामुळे, कारण तांब्याच्या गंजात जंतूंची वाढ होत नाही.

म्हणजे दागिन्यातला दोरा उरला. त्या मुलाला थंडीत आईने कशात गुंडाळलं असेल, ते उरलं नाही. रोजच्या वापराच्या वस्तूंचं असंच होतं. त्या झिजेपर्यंत वापरतात, मग त्यांचं पायपुसणं होतं, मग काहीच राहत नाही. राजांच्या शाली संग्रहालयात असतात. मेंढपाळाची घोंगडी कसर खाते.

म्हणून घोंगडीचा इतिहास वस्तूत शोधण्यापेक्षा जमिनीत शोधावा लागतो. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतो. अकोल्याचा पश्चिम भाग सोडला तर पाऊस बेभरवशाचा. पारनेर, कर्जत, जामखेडच्या माळावर गाईम्हशींना पुरेल एवढा चारा कुठला? तिथे टिकते ती मेंढी. खुरटं गवत खाणारी, मैलोन् मैल चालणारी दख्खनी मेंढी. तिचा एक प्रकार तर संगमनेरी नावानेच ओळखला जातो. आणि हिवाळ्यात याच उघड्या माळावर पारा १० अंशांखाली उतरतो. थंडी आणि थंडीवरचा उपाय, दोन्ही एकाच माळावर.

आजोबा दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाळ्याआधी वर यायचे. वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवायचे. वर्षातून दोनदा लोकर कातरायची. ती पिंजायची, मग आजी सूत कातायची. विणायचं काम शेजारच्या गावातल्या सणगराचं. खड्ड्यात पाय सोडून बसायचं तो माग. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून सूत ताठ करायचं. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातले धनगर भेटतात, पण आजीच्या चातीवर किती रात्री गेल्या याचा रकाना कुठल्याच गॅझेटियरमध्ये नसतो.

तयार झालेलं कापड एकच, पण कामं किती! वाऱ्यात अंगाभोवती, पावसात डोक्यावर खोळ, रात्री निम्मं खाली निम्मं वर, आणि वाटेत मेंढी व्याली तर कोकराला त्यातच गुंडाळायचं. आज आपण थर्मल, फ्लीस आणि जॅकेट असे तीन थर विकत घेतो.

यामागचं विज्ञान साधं आहे. लोकरीचा तंतू नागमोडी असतो. त्याच्या वळणांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊब सोडते. मेंढरासारखा तो वास लोकरीतल्या मेणाचा. तेच मेण पावसाचे थेंब अडवतं. मी ज्याला लाजलो, तेच तिचं वॉटरप्रूफिंग होतं.

पण पुरती भिजली की घोंगडी भयंकर जड होते आणि दोन दोन दिवस वाळत नाही. 'भिजत घोंगडं' म्हणतात ते यावरूनच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आम्हीसुद्धा हा शब्द वापरतो. तिथल्या किती जणांनी भिजलेली घोंगडी उचलली असेल?

आज दख्खनी मेंढी पाळली जाते ती मुख्यतः मटणासाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठात या जातीवर संशोधन चालतं, पण तिची जाडीभरडी लोकर मऊ मेरिनोपुढे आणि स्वस्त अ‍ॅक्रिलिक ब्लँकेटपुढे टिकत नाही. कित्येकदा कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव २०२४ साली जिल्ह्याला मिळालं. चांगलंच झालं. त्याच जिल्ह्यात धनगराच्या लोकरीला गिऱ्हाईक नाही, हे घोंगडं मात्र अजून भिजतच पडलंय.

या दिवाळीला मी ती घोंगडी घेऊन घरी गेलो. इतकी वर्षं आजीपासून लपवलेली. तिच्यापुढे उलगडली आणि होस्टेलचं सगळं सांगून टाकलं. ती भोकांवरून बोटं फिरवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्या कातलेलं सूत हाय," एवढंच म्हणाली. मग घोंगडी दुमडून भोकं आत घेतली आणि माझ्या खांद्यावर टाकली. "हितनं दुमडून घेत जा. फेकू नगंस."

हे लिहिताना ती पायांवर आहे. वास अजून येतो.