शेजारी कोण? जालन्याच्या बेथेलचा इतिहास



ख्रिस्ती धर्मात दोन आज्ञा सगळ्यांत मोठ्या मानतात. देवावर मनापासून प्रेम करायचं आणि शेजाऱ्यावरही स्वतःइतकंच प्रेम करायचं. पण शेजारी म्हणजे नेमका कोण? बायबलमध्ये एकाने येशूला हेच विचारलं, तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. लुटारूंनी एका वाटसरूला अर्धमेला करून टाकलं होतं. पुजारी बघून पुढे गेला, दुसरा देवळातला सेवकही गेला. थांबला तो शोमरोनी. त्याच्या लोकांना बाकीचे हलकं मानत. त्याने जखमा बांधल्या, धर्मशाळेत नेलं आणि खर्चही भरला. शेजारी ठरला तो थांबणारा.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या जालन्यातही आहे.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धाकटा भाऊ श्रीपत काही दिवस त्यांच्यासोबत मिशनच्या घरी राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिलं, पण ख्रिस्ती घरात जेवला म्हणून जातीत घ्यायला सनातनी तयार नव्हते. प्रायश्चित्त देऊन घ्या, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही मोठा विरोध झाला. लहान लेकराला एका जेवणासाठी दार बंद होऊ शकतं, हे शेषाद्रींनी घरातच पाहिलं.

पुढे ते धर्मगुरू झाले आणि 1860 नंतरच्या दशकात जालन्यात कामाला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि इथे लष्कराची छावणी होती. गावोगाव मांग आणि महार समाजाची वस्ती वेशीबाहेर असे. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, शाळेत बसायचं नाही. शेषाद्रींनी काम सुरू केलं ते याच वस्त्यांमध्ये.

निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिथे नवं गाव वसवलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. तिथे प्रार्थनामंदिर होतं, तशीच शाळा, विहिरी आणि लोकांची घरंही होती. म्हणजे दोन्ही आज्ञा एकाच जागी आल्या. कामासाठी मदत मिळवायला ते परदेशीही गेले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत ते डोक्यावर पागोटं घालूनच उभे राहिले. 1891 मध्ये समुद्रप्रवासातच त्यांचं निधन झालं.

काही जणी विचारतील, धर्म बदलल्यावर मिळालेली मदत प्रेम म्हणायची का? प्रश्न रास्त आहे. मिशनऱ्यांना तो तेव्हाही विचारला जात होता. गोष्टीतल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारला नव्हता. पण दुसरा प्रश्नही विचारायला हवा. हक्काच्या घोटभर पाण्यासाठी माणसांना आपलं गाव का सोडावं लागलं? विहीर तर गावातही होती. ती खुली करायला ना परदेशी पैसा लागत होता, ना दिवाणाची परवानगी.

आता आपल्या गटांकडे बघू. आम्ही गावोगाव बैठकांना जातो तेव्हा गटात कोण आहे हे लगेच दिसतं. कोण नाही, हे विचारावं लागतं. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडच्या कितीतरी बाया दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने बैठक चुकते, बचत थांबते आणि नियमाने नाव कमी होतं. एकटी राहणारी, टाकलेली, वस्तीच्या टोकाची बाई तर विचारलीच जात नाही. तिची परतफेड होणार नाही, असं आपण आधीच धरून चालतो.

नियम हवेतच, त्यांच्याशिवाय गट टिकत नाही. पण जाण्याआधी उचलीतून आगाऊ बचत घेता येते, परत आल्यावर थकलेली बचत हप्त्याने भरून घेता येते. हे ठरवायला आपलाच ठराव पुरतो.

म्हणून पुढच्या बैठकीत हजेरी झाल्यावर एक काम करू. आपल्या आळीतल्या, वस्तीतल्या ज्या बाया कोणत्याच गटात नाहीत त्यांची नावं लिहू आणि प्रत्येकीकडे कोण जाणार, ते तिथेच ठरवू. नाव कोणत्याही जातीचं, कोणत्याही धर्माचं असो.