केमोथेरपीनंतरचा पायांचा चेताविकार
कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन इत्यादी औषधांनी संवेदी चेतातंतूंना इजा पोहोचून तळपायांत, व पुढे हातांच्या बोटांत, मुंग्या, बधिरता आणि जळजळ उत्पन्न करणारा विकार. सर्वांत लांब चेता प्रथम बाधित होत असल्याने तो पायांच्या बोटांपासून आरंभ होऊन मोज्याप्रमाणे वर चढतो. प्लॅटिनमयुक्त औषधांच्या बाबतीत तर उपचार संपल्यावरही काही महिने तक्रार वाढत जाते, हे ‘सुटलो एकदाचे’ म्हणणाऱ्या रोग्यास आधीच सांगून ठेवणे इष्ट.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अनेक रोगी या उपचारांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) लोकलने ये-जा करतात. ज्याच्या तळव्यास जमीनच नीट कळत नाही, त्याला पुलाच्या पायऱ्या उतरताना कठडा सोडवत नाही, आणि गर्दीत चप्पल निसटल्याचे फलाटावर आल्यावरच ध्यानात येते.

प्रतिबंधाचा खात्रीचा इलाज नाही. वेदनेवर ड्युलॉक्सेटिन या औषधास त्यातल्या त्यात भक्कम पुरावा लाभला आहे, तथापि त्याचाही गुण माफकच. लक्षणे दिसू लागताच तज्ज्ञास कळविल्यास केमोथेरपीची मात्रा घटविण्याची वा औषध बदलण्याची तजवीज करता येते. सोसत राहण्याचा बाणा येथे घातक ठरतो. मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरणे, रात्री तळवे न्याहाळणे आणि स्नानाचे पाणी पायाने नव्हे तर कोपराने अजमावणे, हा शिरस्ता सर्वांनी, आणि मधुमेहही असलेल्या रोग्यांनी विशेषेकरून, पाळावा.