ओटीवरचा झोपाळा

दिवसा लवंडायच्या आसनाचा घाट आरामापेक्षा घराची रचना ठरवते. रोमन लोक मेजवानीत डाव्या कोपरावर रेलून जेवत, म्हणून त्यांच्या पलंगाला एका टोकाशी उंचवटा असे. चिनी लुओहान पलंगाला तीन बाजूंनी कठडा, कारण त्यावर पाहुण्यांची बैठकही भरे. देशावरची सुंभाने विणलेली बाज हलकी, अंगणातून घरात सहज नेता येणारी. कोकणात वरसे-रोह्याच्या कुंडलिका नदीकाठी मात्र पावसाळ्यात सारवलेली जमीन ओल धरते आणि अंगण चार महिने उपयोगाचे राहत नाही. म्हणून जुन्या कोकणी घरांत हे आसन ओटीवर टांगले गेले: जाड लाकडी फळी, चार कोपऱ्यांना कड्या, वर तुळईपर्यंत साखळ्या. उशी घेतली की झोप, पाय खाली सोडले की बैठक.

कोणी म्हणेल, कोरड्या गुजरातेतही हिंडोळा आहेच, मग ओलीचे कारण कसे? हरकत रास्त आहे. पण ओल फक्त फळी जमिनीपासून उचलते. ती टांगायला भार पेलणारी तुळई आणि आल्यागेल्यासाठी मोकळी जागा लागते, आणि या दोन्ही गोष्टी कोकणात आणि गुजरातेत होत्या. स्लॅबच्या घरात तुळई गेली, तेव्हा झोपाळ्याला लोखंडी चौकट घ्यावी लागली किंवा दिवाणाला जागा द्यावी लागली. आवड तीच राहिली, बदलले ते छप्पर.