बंब आला, पण पाणी कुठे?

आग विझवणाऱ्या गाडीला आपण 'बंब' म्हणतो आणि न्हाणीघरात पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतो. एक आग विझवतो, तर दुसऱ्याच्या पोटात जाळ घालावा लागतो. मग नाव एकच कसे? हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला. त्याचा अर्थ पंप. आणि गंमत अशी, की दीडशे वर्षांपूर्वीचा आगीचा बंब खरोखरच न्हाणीतल्या बंबासारखा दिसे. उभे पिंप, पोटात कोळशाचा जाळ आणि वर धुराडे!

त्याच्याही आधी हाताचा बंब होता. १७२१ साली रिचर्ड न्यूशॅम या इंग्रज कारागिराने त्याचे पेटंट घेतले. दोन्ही बाजूंना लांब दांडे, ते माणसांनी आळीपाळीने वर-खाली करायचे. आत हवेची एक बंद कोठी असे, त्यामुळे पाण्याची धार तुटत नसे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात मोठी आग लागली, तो काळ अशाच हातबंबांचा.

पुढे वाफ आली. लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली वाफेवर चालणारा पहिला बंब केला. पण बंब ओढणार घोडे आणि पंप चालवणार वाफ, अशी ही गाडी सर्रास रूढ व्हायला आणखी तीसेक वर्षे गेली. शँड मेसन आणि मेरीवेदर या लंडनच्या दोन कंपन्यांत मग चुरस लागली. १८६३ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बंबांच्या चक्क स्पर्धा झाल्या! घोडे दौडत असतानाच बॉयलर पेटवायचा आणि गाडी आगीजवळ पोहोचेपर्यंत वाफ धरायची, ही या बंबांची खुबी. असे विलायती बंब हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांतही आले. मुंबईचे अग्निशमन दल १८८७ साली उभे राहिले, तेही याच घोडा-वाफेच्या काळात.

गाडीच्या आकारामागेही इतिहास आहे. जुन्या चित्रांत बंबाच्या दोन्ही कडांना पाठीला पाठ लावून बसलेले जवान दिसतात. या बांधणीला 'ब्रेडवुड' म्हणत. जेम्स ब्रेडवुड हे लंडनच्या दलाचे प्रमुख. १८६१ साली टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. आत कापूस, ताग, चरबी, साखर. अंगावर भिंत कोसळून ब्रेडवुड तिथेच मरण पावले. त्यांच्या नावाची उघडी गाडी मात्र पुढे पाऊणशे वर्षे धावली. वळणावर जवान खाली पडत, थंडीपावसात कुडकुडत. अखेर १९३०च्या दशकात बंद टपाच्या गाड्या आल्या.

मोटारबंबाची कल्पना साधी, पण फार मोलाची होती. ज्या इंजिनाने गाडी चालेल, त्याच इंजिनाने पंपही चालवायचा. मेरीवेदर कंपनीने १९०४ साली लंडनजवळच्या फिंचलेसाठी असा पेट्रोलचा बंब केला. १९०८ साली गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीने या धंद्यात उडी घेतली. डेनिसने दट्ट्याचा पंप सोडून फिरत्या चक्राचा पंप निवडला. नळीचे तोंड अचानक बंद केले तरी या पंपाने नळी फाटत नसे, आणि गढूळ पाणीही तो मुकाट ओढी. जर्मनीत उल्म गावच्या मागिरस कंपनीने शिड्यांत नाव कमावले. अमेरिकेत लाफ्रान्स आणि आरेन्स-फॉक्स होते. आरेन्स-फॉक्सच्या नाकावरचा चकचकीत गोळा शोभेचा वाटे, पण ती पंपाची हवेची कोठी होती. म्हणजे न्यूशॅमचीच जुनी युक्ती!

आपल्याकडे या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकाच वेळी भरलेली होती. आग लागली आणि जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असतानाच गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. यंत्र कितीही चांगले असो, समोर काय जळते आहे हे ठाऊक नसेल तर ते अपुरे पडते.

स्वातंत्र्यानंतर विलायती गाड्यांची जागा देशी गाड्यांनी घेतली. टाटा किंवा अशोक लेलँडच्या ट्रकचा सांगाडा, त्यावर पाण्याची टाकी, मागे पंप आणि डोक्यावर शिडी. तालुक्याच्या गावात दिसणारा बंब तो हाच. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झाले आणि १९५७ साली नागपुरात आले. देशभरचे अधिकारी विदर्भात शिकू लागले.

आता जरा आपल्या राजूरकडे वळू. वणी तालुक्यातले हे गाव कोळशाचे आणि चुन्याचे, भोवतालचा मुलूख कापसाचा. तिन्ही वस्तू आगीच्या दृष्टीने अवघड. कापसाची गासडी वरून विझल्यासारखी दिसते, आत मात्र धुमसत राहते. ती फोडून, पसरून भिजवावी लागते. कोळशाचा ढीग हवेशी संयोग पावून आपोआप तापतो, कधी पेटतोही. भाजलेल्या चुन्यावर पाणी पडले, तर तो थंड होण्याऐवजी उकळतो! लंडनच्या गोदामांसाठी घडलेल्या यंत्राला इथली परीक्षा वेगळी.

आणि पाण्याचा हिशेब करून पाहा. साधारण बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असते, आणि पंप मिनिटाला अठराशे लिटर फेकू शकतो. पूर्ण जोराने सोडले, तर अडीच मिनिटांत टाकी रिकामी! पुढे विहीर, तळे किंवा नाला गाठावा लागतो. पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, त्यामुळे प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरपेक्षा खोल पाणी त्याला वर घेता येत नाही. वैशाखात विहिरी तळाला गेल्या, की लाखो रुपयांचा बंब काठावर नुसता उभा राहतो.

त्यामुळे लहान गावाचा अग्निशमनाचा विचार गाडीपासून नव्हे, पाण्यापासून सुरू व्हायला हवा. भर उन्हाळ्यातही भरलेला एखादा हौद, त्याच्यापर्यंत बंब जाईल एवढा मोकळा रस्ता, चुना आणि कापूस कुठे साठवला आहे याची ग्रामपंचायतीत नोंद, आणि बंब येईपर्यंत काय करावे हे ठाऊक असलेली दहा-वीस तरुण मुले. मेरीवेदर आणि डेनिसने पंप सुधारले, मागिरसने शिडी उंच केली. हौद भरून ठेवण्याचे काम मात्र कुठलाही कारखाना करून देत नाही. ते गावालाच करावे लागते, आणि आग लागण्याच्या आधी करावे लागते.