औषध चयापचय : यकृतविषयक प्रयोगपद्धती

शरीरात गेलेल्या औषधात एंझाइमांच्या साहाय्याने होणाऱ्या रासायनिक बदलांना औषध चयापचय म्हणतात. हे बदल मुख्यत्वे यकृतात होतात. त्यांमुळे चरबीत विरघळणारी द्रव्ये जलविद्राव्य होऊन मूत्रावाटे वा पित्तावाटे बाहेर टाकली जातात.

प्रारंभीच्या अभ्यासाचा आधार मूत्राचे रासायनिक विश्लेषण हाच होता. १८४२ मध्ये व्हिल्हेल्म केलर यांनी स्वतः बेंझॉइक अम्ल सेवन करून आपल्या मूत्रात हिप्युरिक अम्ल असल्याचे दाखविले. १९३५ मध्ये पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी प्राँटोसिल ह्या रंजकातील सल्फानिलामाइड हा भागच जंतुनाशक असल्याचे दाखविले. हे द्रव्य शरीरात प्राँटोसिलपासून तयार होत असल्याने चयापचय म्हणजे केवळ निर्विषीकरण ही समजूत अपुरी ठरली. मूत्रपरीक्षेत अंतिम पदार्थ कळत. तो कोठे व कसा बनतो ते कळत नसे.

त्यासाठी अवयव शरीराबाहेर काढणे आवश्यक होते. ओटो व्हारबुर्ख यांनी १९२३ मध्ये ऊतकांचे पातळ काप वापरण्याची पद्धत रूढ केली. पुढे आल्बेर क्लोद यांनी पेशींचे घटक केंद्रोत्सारण यंत्रात निरनिराळ्या वेगांनी फिरवून अलग केले. या पद्धतीत यकृताचा लगदा प्रथम गुरुत्वाकर्षणाच्या सु. ९,००० पट बलाने फिरवितात. वरचा द्रव सु. १,००,००० पट बलाने फिरविल्यास तळाशी मायक्रोसोम, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे, जमतात. १९५५ मध्ये जूल्यस ॲक्सेलरॉड यांना अँफेटॅमिनाचा चयापचय घडविण्यास मायक्रोसोम व विद्राव्य भाग दोन्ही लागतात, असे आढळले. विद्राव्य भाग एनएडीपीएच हे सहएंझाइम पुरवीत होता. ऑक्सिजनही आवश्यक होता.

प्रत्यक्ष ऑक्सिडीकरण करणारा घटक प्रकाशामुळे ओळखता आला. १९५८ मध्ये मार्टिन क्लिंगेनबर्ग व डेव्हिड गारफिंकल यांना, कार्बन मोनॉक्साइडाशी संयोग झाल्यावर ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषणारे रंगद्रव्य मायक्रोसोमांत स्वतंत्रपणे आढळले. त्सुनेओ ओमुरा व रिओ सातो यांनी १९६२–६४ मध्ये ते हीमयुक्त प्रथिन असल्याचे सिद्ध करून त्यास ‘पी-४५०’ हे नाव दिले. त्यांच्या पद्धतीत मायक्रोसोमांच्या दोन नमुन्यांचे क्षपण करून एकातच कार्बन मोनॉक्साइड सोडतात व प्रकाशशोषणातील फरकावरून प्रथिनाचे प्रमाण काढतात. या वायूने रोधलेले औषधांचे ऑक्सिडीकरण ४५० नॅनोमीटर प्रकाशात पुन्हा सुरू होते, असे १९६५ मध्ये दिसून आले. त्यामुळे या प्रथिनाचे कार्य निश्चित झाले.

मायक्रोसोमांत पेशीद्रवातील एंझाइमे नसतात. म्हणून कोलॅजिनेजाच्या साहाय्याने यकृतातील अखंड पेशी सुट्या करण्याची बेरी व फ्रेंड यांची पद्धत (१९६९) महत्त्वाची ठरली. संवर्धनात मात्र या पेशींतील पी-४५० लवकर घटते.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसास सरसकट लागू पडत नाहीत. म्हणून प्रतिरोपणास न वापरलेल्या मानवी यकृतांतील मायक्रोसोम व गोठवून जतन केलेल्या पेशीही वापरतात. टर्फेनाडीन या औषधासोबत कीटोकोनॅझोल घेतल्यास हृदयाचा गंभीर तालभंग होतो, असे १९९० मध्ये नोंदविले गेले. कीटोकोनॅझोल पी-४५० कुलातील एका एंझाइमाला रोधते व टर्फेनाडीन शरीरात साचते. १९९८ मध्ये ते अमेरिकेत मागे घेण्यात आले. अशा आंतरक्रियांची परीक्षा आता नवे औषध रुग्णांना देण्यापूर्वी प्रयोगशाळेतच सुरू होते.