धूळपाटी ते क्यूआर कोड : शिक्षकाने शिक्षकाला दिलेली साधने



संयोजकांनी मला सांगितलं की आज सभागृहात बरेच शिक्षक आहेत. काही घाटकोपरहून, काही भांडुपहून आलेत, आणि अंधेरीहून दोन गाड्या बदलून आलेलेही आहेत. दिवसभर वर्गात बोलून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा दुसऱ्याचं बोलणं ऐकायला मुलुंडला यायचं, याला हौस लागते. तेव्हा मी विषयाला धरून बोलण्याचा प्रयत्न करतो. तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, भरकटलो तर हात वर करा.

विषय साधा आहे. एखादा नवा शिक्षक शाळेत येतो. त्याच्याजवळ शिकवण्याचं एखादं नवं साधन असतं. ते तो स्वतःच्या वर्गात वापरतो, त्याला गुण येतो, आणि मग त्याला वाटतं की हे बाकीच्यांनाही सांगावं. पुढे काय होतं? इतिहासात याची जी उदाहरणं सापडतात, त्यांतली तीन-चार मी आज मांडणार आहे.

सुरुवात धुळीपासून करू. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुसायचं. आपण अजून ‘धुळाक्षरं’ म्हणतो, ती ही. जुन्या गणितात आकडेमोडीला ‘धूलिकर्म’ म्हणत आणि अंकगणिताला ‘पाटीगणित’. म्हणजे साधनाचं नाव विद्येला मिळालं होतं. त्या साधनाचं मोल असं की चूक फुकट होती. कागद महाग, शाई महाग, धूळ मात्र अंगणात. मूल हजारदा चुकलं तरी कोणाच्या खिशाला चाट नाही.

आता अठराव्या शतकाच्या शेवटाकडे या. मद्रासच्या एग्मोर भागात लष्करातल्या सैनिकांच्या मुलांसाठी एक अनाथाश्रम होता. त्याचे अधीक्षक अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री. त्यांनी एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं काढताना पाहिली. त्यांना ती गोष्ट इतकी पटली की परत येऊन त्यांनी आपल्या शिक्षकांना सांगितलं, आपणही असंच करू या. शिक्षकांनी काय केलं असेल? जे होणार तेच झालं. हे आपल्याकडे जमायचं नाही, असं उत्तर आलं. बेलसाहेबांनी मग तो वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या एका मुलाकडे दिला. त्या मुलाने लहान मुलांना वाळूवर अक्षरं शिकवून दाखवली. त्यातून एक पद्धतच उभी राहिली: मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचं. १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी तिथे शाळा काढली, त्यांची पद्धत याच जातीची. आणि गंमत पाहा, हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन मुंबईत परत आली. १८२२ साली एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाने इथे शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी संस्था निघाली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीत गणिताची पुस्तकं तयार करवून घेतली. मुंबईत शिक्षक तयार करून त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवलं गेलं.

या गोष्टीतलं काय लक्षात ठेवायचं? मद्रासच्या त्या शिक्षकांनी वाळू नाकारली, ती वाळू वाईट होती म्हणून नव्हे. ती वरून आली होती. अधीक्षकांनी पाहिलं, अधीक्षकांना पटलं, अधीक्षकांनी सांगितलं. शिक्षकांच्या हाताला तिचा अनुभव नव्हता, आणि तो यावा अशी सवडही त्यांना मिळाली नव्हती.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं, म्हणजे अगदी बोरिवलीचं.

ताराबाई मोडक हे नाव इथे सगळ्यांना माहीत असेल. जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य होत्या. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसरी पद्धत या दोघांनी अभ्यासली, आणि ‘शिक्षणपत्रिका’ चालवून ती शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत नेली. आज आपण मोबाइलवर गट करून एकमेकांना जे पाठवतो, ते काम तेव्हा हे मासिक करत होतं. पुढे दादरला शिशुविहार निघालं.

पण ताराबाईंना एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीचं साहित्य सुबक आणि मापात बसवलेलं, त्यामुळे महाग. शहरातल्या चार घरांतल्या मुलांना ते मिळणार. आदिवासी पाड्यावरच्या मुलाचं काय? त्यासाठी त्या १९४५ साली बोर्डीला जायला निघाल्या. त्याच सुमारास बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या. बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. माध्यमिक शिकवण्याचा अनुभव होता, बालशिक्षणात मात्र त्या अगदी नवख्या. नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या.

तिथे या दोघींनी जे केलं, त्याला मी शिक्षणातलं तंत्रज्ञान म्हणतो. शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या यांतून मोजणी, वर्गीकरण, लहान-मोठं, हलकं-जड हे सगळं शिकवायचं साहित्य उभं केलं. माँटेसरीबाईंचं तत्त्व ठेवलं, वस्तू बदलली. मुलं शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाच्या मागे ते अंगण आहे. मुलं गुरं घेऊन रानात जातात, तर शाळाही कुरणात, म्हणून ‘कुरणशाळा’. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे शिक्षक घडू लागले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई तोपर्यंत हयात नव्हत्या. १९७३ सालीच त्या गेल्या. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत काम केलं.

इथे देणारी अनुभवी होती आणि घेणारी नवखी. तरी साधन ‘दिलं’ असं झालंच नाही, दोघींनी मिळून ते पुन्हा घडवलं. शिंपला कोणी कारखान्यातून पाठवला नव्हता. तुमच्या गावात शिंपला नसेल तर चिंचोका घ्या, कोण अडवतंय? जे साधन घेणाऱ्याला बदलता येतं, ते टिकतं.

याच्या उलट उदाहरण सांगतो. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो जातीचे संगणक पोचले. काळाच्या मानाने ते मोठं पाऊल होतं, मी त्याची थट्टा करणार नाही. पण त्या वर्षांत मी एका शाळेत गेलो होतो, तिथे संगणक कपाटासारखा कुलपात होता. वर कापडाचं आच्छादन, त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं. किल्ली मुख्याध्यापकांकडे. बिघडला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न असल्यामुळे तो वापरायचाच नाही, असं ठरलं होतं. धूळपाटीवर चूक फुकट होती म्हणालो ना? इथे चूक इतकी महाग झाली की कोणी हात लावेना.

आता अलीकडचं. माढा तालुक्यातलं परितेवाडी, जिल्हा सोलापूर. २००९ साली रणजितसिंह डिसले नावाचा तरुण तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाला. अभियांत्रिकी अर्धवट सोडून, वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षकी पदविका घेतलेला. शाळेची खोली गोठ्याला लागून. त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की कविता ऐकू येणार, पाठ दिसणार, स्वाध्याय मिळणार. बारकाईने पाहा, यात पुस्तक काढून टाकलेलं नाही. हातातलं जुनं साधन तसंच ठेवून त्याला एक खिडकी पाडली आहे. आणि खिडकीच्या पलीकडे काय ठेवायचं, हे शिक्षकाच्या हातात आहे. ही कल्पना एका शाळेत राहिली नाही. २०१७ साली महाराष्ट्राने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, नंतर राष्ट्रीय पातळीवरही ते आले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचं ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. बातम्यांनी आकडा मोठा करून सांगितला. मला त्यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. साधन वाटणारा माणूसच बक्षीसही वाटू शकतो.

पण त्याच वर्षी आपल्या उपनगरांत काय चाललं होतं, तेही आठवा. मार्च २०२० पासून शाळा बंद. घाटकोपरच्या डोंगराळ वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत तीन मुलं आणि एक मोबाइल; तोही वडील कामाला निघाले की त्यांच्या खिशात. कोड छापलेला आहे, तो वाचायला यंत्र नाही. म्हणून साधनाच्या उत्साहात दर वेळी विचारायचं: याच्यावाचून कोण बाहेर राहणार? ताराबाईंनी माँटेसरीच्या साहित्याला हाच प्रश्न विचारला होता.

आता मी माझ्या प्रांतात येतो, पाच मिनिटं द्या. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस एक कथा सांगतो. थ्यूथ नावाच्या देवाने लेखनकला शोधली आणि ती थामस राजाला दाखवायला आणली. याने माणसांची स्मरणशक्ती वाढेल, असं त्याचं म्हणणं. राजाने उलट मत दिलं: लोक लिहिलेल्यावर विसंबतील आणि विसरायला लागतील, आणि शोधणारा एक असतो, लाभ-हानी तोलणारा दुसरा. ही कथा आम्ही म्हातारे शिक्षक फार आवडीने सांगतो, कारण तीत राजा म्हणजे आम्ही! कॅल्क्युलेटर आला, सांगितली. इंटरनेट आलं, सांगितली. आता यंत्र निबंध लिहून देतं म्हणून पुन्हा सांगतो.

मीही तीस वर्षं वर्गात ती सांगितली. त्यातली एक ओळ मात्र मी सोयीने सोडत आलो. थ्यूथ एकटं लेखन घेऊन आला नव्हता. गणित होतं, भूमिती होती, सोंगट्यांचे खेळसुद्धा होते. आणि राजाने प्रत्येक कलेबद्दल विचारलं, तिचा उपयोग काय? ऐकून घेतलं, मग काहींची स्तुती केली, काहींना नावं ठेवली. म्हणजे न्याय देण्याआधी त्याने पाहिलं होतं.

मी पाहिलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात, मी विभागप्रमुख असताना, तर्कशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापिका आल्या. नोकरीचं पहिलंच वर्ष. त्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी सत्यताकोष्टकांच्या पारदर्शक फिती घरी बसून, रंगीत पेनांनी तयार केल्या होत्या. एकावर एक ठेवली की सूत्र टप्प्याटप्प्याने उलगडत जाई. त्यांनी मला विचारलं, “सर, शनिवारी विभागातल्या सगळ्यांना दाखवू का? कोणाला हव्या असतील तर मी करून देईन.” मी खुर्चीतून न उठता म्हणालो, “बाई, तर्कशास्त्राला खडू आणि डोकं पुरतं.” बाकीचे हसले. मलाही आपण फार चांगलं बोललो असं वाटलं. त्यानंतर त्या महाविद्यालयात होत्या तितकी वर्षं त्यांनी विभागात नवं काही आणलं नाही. उत्तम शिकवत राहिल्या, एकट्या.

निवृत्तीनंतर एका लग्नात त्या भेटल्या. मी तो विषय काढला आणि माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “सर, तुम्ही नाही म्हणालात त्याचं काही नाही. फक्त एकदा बघून मग नाही म्हणायला हवं होतं.”

मंडळी, माझ्या नावावर पीएच.डी. आहे. त्या वाक्याइतकी थामस राजाची फोड मला कधी जमली नाही.

म्हणून शेवटी दोनच विनंत्या करतो. इथे जे नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले आहेत, त्यांना सांगणं असं की सहकाऱ्यांना साधन दाखवाल तेव्हा ते कुठे फसलं, हेही सांगा. फसलेलं सांगितलं की समोरच्याला हात लावायचा धीर येतो, आणि तो ते आपल्या वर्गापुरतं बदलून घेतो. नाहीतर त्याचं हळदीकुंकू वाहिलेलं कपाट होतं. आणि जे माझ्या वयाकडे झुकलेले आहेत, त्यांना सांगायचं तर उद्या शिक्षकांच्या खोलीत कोणी पोर मोबाइल पुढे करून म्हणेल, “सर, हे बघता का जरा?” तेव्हा चष्मा लावा आणि बघा. नंतर नाही म्हणायचा तुमचा हक्क कोणी काढून घेत नाही.

मी थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. शेवटच्या गाडीला अजून वेळ आहे.