छातीत दुखते, बसले की थांबते? अँजायना समजून घ्या

वास्को : मार्केटातून पिशवी घेऊन निघालेला माणूस सड्याचा चढ चढताना मध्येच थांबतो. छाती आवळल्यासारखी वाटते. दोन-चार मिनिटे बसले की बरे वाटते. घरी गेल्यावर सोडा पिऊन 'गॅस झाला असेल' म्हणून विषय संपतो. पण चालताना येणारे आणि बसल्यावर थांबणारे हे दुखणे म्हणजे अँजायना, म्हणजेच हृदयशूल असू शकतो.

अँजायना म्हणजे काय?
हृदय शरीरभर रक्त पाठवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागते. ते हृदयावरच्या धमन्यांतून येते. या धमन्यांत चरबीचे थर साचले की वाट अरुंद होते. बसून असताना रक्त पुरते. चढ, जिना, ओझे किंवा राग आला की मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो. ही तूट छातीत दुखून कळते. इंग्लंडच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये या दुखण्याला 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिले.

ओळखायचे कसे?
टोचल्यासारखे कमी, दाबल्यासारखे किंवा आवळल्यासारखे जास्त वाटते. दुखणे डावा हात, खांदा, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. मधुमेही, वयस्कर माणसे आणि महिलांमध्ये छाती न दुखता नुसती धाप, घाम, मळमळ किंवा थकवाही येतो.

दोन प्रकार
स्थिर प्रकारात ठराविक श्रमानंतर दुखते आणि विश्रांतीने काही मिनिटांत थांबते. हा इशारा आहे; लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे. अस्थिर प्रकारात बसल्या-झोपल्या दुखते, वारंवार दुखते किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमात दुखते. पहिल्यांदाच जोरात दुखले तरी तोच धोका. यातून हार्ट अटॅक येऊ शकतो, म्हणून थेट रुग्णालय गाठावे.

अशा वेळी काय करावे?
काम थांबवून बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत आराम नाही तर 108 ला फोन करावा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, रक्तदाब एकदम उतरू शकतो. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये.

वास्कोकरांना चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. बांबोळीचे गोमेकॉ झुआरी पुलापलीकडे. गोव्यातील 'स्टेमी' प्रकल्पात छोट्या सरकारी रुग्णालयात काढलेला ईसीजी तज्ज्ञांना पाठवून, गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देण्याची सोय आहे. त्यामुळे पेडणे-डिचोलीकरांनीही आधी जवळचे केंद्र गाठणे शहाणपणाचे. दोडामार्ग, सावंतवाडी, कारवारच्या वाचकांसाठीही नंबर 108 च.

तपासणी आणि उपचार
दुखत नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. डॉक्टर रक्तातील ट्रोपोनिन, टू-डी इको, ट्रेडमिल चाचणी किंवा अँजिओग्राफी सांगतात. उपचारात गोळ्या, गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास येतो. विडी-सिगारेट बंद, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात, हे मात्र सगळ्यांनाच लागू. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

गॅस की हृदय, हे घरी बसून ठरत नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.